सत्तरी ओलांडलेल्या आई-बाबांना कॅरिबियन क्रूझवर न्यावं का? खाणं आणि पोहणं याखेरीज तिथे काही असतं का?

जरूर न्या. फक्त बोट बघून क्रूझ ठरवू नका, बंदरं बघून ठरवा.

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत येतायत, आई शुद्ध शाकाहारी आहे, बाबांचे गुडघे दुखतात आणि मित्र म्हणतात, "म्हाताऱ्या माणसांना त्यात काय रस?" दोन वर्षांपूर्वी मलाही हेच ऐकवलं गेलं होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत मी आणि माझा नवरा माझ्या आई-बाबांना घेऊन सात रात्रींच्या क्रूझला गेलो. बाबा तेव्हा ७६ वर्षांचे, चिपळूणजवळच्या एका गावात मास्तर होते. आई ७१ ची, माहेर गुहागर. आम्ही न्यू जर्सीत राहतो. त्या आठवड्याबद्दल ते दोघं अजून बोलतात, आणि बोटीबद्दल त्यातलं फार थोडं असतं.

आम्हाला सगळ्यांनी मायामीहून निघणारी मोठ्यात मोठी बोट सुचवली होती. घसरगुंड्या, बर्फावरचे खेळ, वीस हॉटेलं. पण तिची बंदरं बघितली तर एक बहामाज, एक मेक्सिकोतलं कोझुमेल आणि एक कंपनीचं स्वतःचं खासगी बेट. खासगी बेटावर त्या मुलखातलं काहीच नसतं. बोटीवरचंच जेवण, बोटीवरच्याच खुर्च्या, फक्त खाली वाळू. लहान मुलं असतील तर उत्तम. माझ्या बाबांनी तिथे दिवसभर काय केलं असतं?

मग नकाशा काढून बसलो. मायामीहून दक्षिणेकडच्या बेटांपर्यंत पोचायलाच दोन दिवस जातात. पोर्तो रिकोतलं सान हुआन मात्र त्या बेटांच्या उंबरठ्यावर आहे. तिथून निघालं की सात रात्रींत जास्त बेटं होतात. पोर्तो रिको अमेरिकेचाच भाग, त्यामुळे तिथपर्यंत विमानानं जायला वेगळा व्हिसा लागत नाही. आम्हाला सेंट मार्टेन, सेंट लुसिया, बार्बाडोस आणि ग्रेनाडा अशी चार बेटं आणि दोन दिवस नुसता समुद्र असा बेत मिळाला. बोट मध्यम आकाराची, थोडी जुनी. त्यानं काही बिघडलं नाही. उलट केबिनपासून जेवणाच्या हॉलपर्यंतचं चालणं कमी झालं, आणि ते गुडघ्यांना मानवलं.

आधी जेवणाचं सांगते, कारण तुमची मोठी काळजी तीच दिसते. बुकिंग करतानाच शाकाहारी जेवण नोंदवा, आणि पहिल्याच रात्री मुख्य डायनिंग हॉलमध्ये हेड वेटरला भेटून पुन्हा सांगा. बुफेवर अवलंबून राहू नका. हॉलमध्ये सांगून ठेवलं की दुसऱ्या दिवसापासून डाळ, भात, एखादी भाजी वेगळी करून देतात. बोटींवर भारतीय खलाशी, आचारी, वेटर भरपूर असतात आणि त्यात गोव्याचे हमखास. आमच्या टेबलावरचा मुलगा मडगावचा निघाला. आई-बाबांचं मराठी कानावर पडल्याबरोबर त्यानं विचारलं, "तुमी खंयचे, काका?" आईचा चेहरा असा उजळला की विचारू नका. तिला अमेरिकेत महिनाभरात आमच्याखेरीज कुणाशी मोकळं बोलता आलं नव्हतं.

त्या मुलाबद्दल दोन शब्द जास्त लिहिते. आठ महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही, सकाळचा नाश्ता, दुपार आणि रात्र अशा तिन्ही वेळा काम. मधल्या दोन तासांत झोपायचं की बंदरावर उतरून घरी फोन करायचा, हे त्याला रोज ठरवावं लागायचं. आई त्याला रोज विचारायची, "जेवलास का रे बाळा?" आपल्या सुट्टीचा सगळा डोलारा या माणसांच्या पाठीवर उभा असतो. माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर टिप बिलात आपोआप लागते. काही प्रवासी काउंटरवर जाऊन ती काढून टाकायला लावतात. तसं कृपा करून करू नका, आणि शेवटच्या रात्री जमेल तेवढं हातात वेगळं द्या.

सेंट मार्टेन आणि सेंट लुसिया भरभर आटोपते. सेंट मार्टेनचं बेट १६४८ च्या करारापासून फ्रेंच आणि डच यांच्यात वाटलेलं आहे. मध्ये नाका नाही, कुंपण नाही. बाबांना याचं फार नवल वाटलं. दोन देशांच्या हद्दीवर उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. बाकी बंदरावर त्या दिवशी आणखी तीन बोटी लागल्या होत्या आणि रस्त्यात फक्त दागिन्यांची दुकानं. बोटीवर 'खरेदी मार्गदर्शन' म्हणून व्याख्यानं होतात, त्यांत ठरावीक दुकानांची नावं सांगतात. ऐकू नका, तो जाहिरातीचाच भाग असतो. सेंट लुसियात दोन पिटॉन शिखरं समुद्रातून सरळ वर आलेली आहेत, ती मात्र डोळ्यांत मावत नाहीत. तिथले सुफ्रिएरचे गंधकाचे झरे पाहून आई म्हणाली, "तुरळच्या कुंडासारखा वास येतोय." रस्ता घाटाचा आणि वळणांचा आहे. गाडी लागणाऱ्यांनी तिथे बोटीनं फिरवणारी सहल घ्यावी.

आता बार्बाडोस. माझे बाबा १९७१ साली बावीस वर्षांचे होते. अजित वाडेकरांचा भारतीय क्रिकेट संघ वेस्ट इंडिजला गेला होता आणि गावात पेपर दुपारच्या एसटीनं यायचा. बाबा सांगतात, स्टँडवर दहा-बारा जण उभे असायचे आणि एकजण धावसंख्या मोठ्यानं वाचायचा. गावसकरांची ती पहिलीच मालिका. चार कसोटींत ७७४ धावा. हा आकडा आमच्या घरात पाढ्यासारखा पाठ आहे.

बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाउन. तिथल्या क्रूझ धक्क्यापासून केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान अगदी जवळ आहे. बोटीवरची कुठलीही सहल आम्ही घेतली नाही. धक्क्याबाहेर टॅक्सीवाल्यांची रांग असते, दराचा फलक असतो. त्यातल्या एका वयस्कर चालकाला म्हटलं, "आधी ओव्हल दाखवा, मग बाकीचं बेट." त्यानं आरशातून मागे पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला, "गावास्कर?" बाबांना इंग्रजी वाचता येतं, पण बोलायला ते बिचकतात. तरी त्या दोघांचं संभाषण दहा मिनिटं चाललं आणि त्यात जवळपास सगळी वेस्ट इंडिजच्या जुन्या क्रिकेटपटूंची नावंच होती. सोबर्स. हॉल. ग्रिफिथ. वॉरेल. कन्हाय. प्रत्येक नावावर दोघं माना हलवायचे. कन्हाय यांचं नाव आलं तेव्हा बाबांनी मला सांगायला लावलं की गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते त्यांच्यावरूनच. चालकाला हे माहीत होतं.

मैदानाबाहेर सर गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा आहे. बाबा आधी तिथे थांबले. मग फाटकाशी गेले. त्या दिवशी आत कसलंसं काम चालू होतं. चालकानं रखवालदाराला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि त्यानं आम्हाला सीमारेषेपर्यंत पाच मिनिटं सोडलं. बाबांनी चपला काढल्या. मी म्हटलं, "बाबा, अहो देऊळ नाहीये." त्यांनी उत्तर दिलं नाही. गवतावर अनवाणी उभे राहिले, वाकून हात लावला. मग मला एकेक सांगायला लागले. इथे १९६२ साली आपले कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला ग्रिफिथचा चेंडू लागला, कवटी फुटली. रक्ताची गरज होती तेव्हा आधी कोण पुढे आलं, तर वेस्ट इंडिजचाच कप्तान फ्रँक वॉरेल. इथेच १९७१ मध्ये गावसकर पहिल्या डावात १ वर गेले आणि दुसऱ्या डावात नाबाद ११७. आणि त्याच सामन्यात पहिल्या डावात दिलीप सरदेसाईंनी १५० काढून संघ सावरला. "गावसकर सगळ्यांना आठवतो," बाबा म्हणाले, "सरदेसाई कुणाला आठवत नाही. त्यानं त्या कसोटी मालिकेत ६४२ केल्या होत्या."

२९ जून २०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना याच मैदानावर झाला, हे मी त्यांना सांगितलं. सात धावांनी जिंकलो, रोहितनं खेळपट्टीवरची माती तोंडात घातली. ते त्यांनी टीव्हीवर पाहिलंच होतं. पण पायाखाली तेच मैदान आहे याचा त्यांना खरा अंदाज आता आला.

उरलेल्या वेळात त्या चालकानं बेट फिरवलं. ऊस आता कमी झालाय, पण जुन्या पवनचक्क्यांचे बुरूज शेतांत दिसतात. त्यानं गाडी थांबवून न्यूटन नावाच्या जागी एक मोकळं गवताळ माळरान दाखवलं. त्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेली माणसं तिथे पुरलेली आहेत. थडगी नाहीत, दगड नाहीत. आई बराच वेळ हात जोडून उभी होती. बोटीच्या माहितीपत्रकात बार्बाडोसबद्दल समुद्रकिनारा, रम आणि कासवं एवढंच होतं. हे मला सगळ्यात खटकलं. या बेटांवर साखर पिकवायला आफ्रिकेतून माणसं बांधून आणली, आणि आज त्याच बेटांवर आपण सुट्टी घालवायला उतरतो. निदान उतरण्याआधी चार पानं वाचून उतरावं असं मला मनापासून वाटतं.

ग्रेनाडा हे आईचं बेट ठरलं. तिथल्या झेंड्यावरच जायफळ आहे. सेंट जॉर्जेसहून पाऊण तासावर गूयाव्ह नावाचं गाव आहे, तिथे जायफळ निवडण्याची जुनी लाकडी वखार आहे. आत पाऊल टाकल्याबरोबर श्रीखंडाचा वास आला. दुसरा शब्द मला सुचत नाही. बायका लांब बाकांवर बसून जायफळं पारखत होत्या. पाण्यात टाकून बुडणारी आणि तरंगणारी वेगळी करतात. बुडतं ते भरलेलं, चांगलं.

बाहेर एका बाईनं झाडावरून नुकतं उकललेलं फळ आईच्या हातात दिलं. पिवळं, जर्दाळूपेक्षा मोठं, मधोमध चिरलेलं. आत काळपट चकचकीत बी आणि तिच्याभोवती लालभडक जायपत्रीची जाळी. त्या बाईनं इंग्रजीत समजावायला सुरुवात केली. आईनं तिला थांबवलं नाही, फक्त अंगठ्याचं नख देठाकडून घातलं आणि जायपत्री अखंड, एकही पाकळी न तुटता सोडवून तळहातावर ठेवली. ती बाई बोलायची थांबली. मग हसून तिनं आईचे दोन्ही हात धरले. आईच्या माहेरी सुपारीच्या वाडीत जायफळाची दोन झाडं आहेत. लहानपणी हे तिचंच काम होतं.

मग दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. आईनं विचारलं, तुम्ही वरच्या सालीचं काय करता? त्या बाई म्हणाल्या, जॅम आणि सरबत. आई म्हणाली, आम्ही लोणचं घालतो. त्या म्हणाल्या, २००४ च्या आयव्हान चक्रीवादळात बेटावरची बहुतेक जायफळाची झाडं पडली, आणि नवीन झाड धरायला सात-आठ वर्षं लागतात. आईला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडच्या सुपारीच्या बागा कशा आडव्या झाल्या ते तिनं पाहिलं होतं. "झाड पडलं की माणसाची दहा वर्षं पडतात, हे सांग त्यांना," ती म्हणाली. मी सांगितलं.

तिथेच मागच्या अंगणात चुलीवर मोठं पातेलं होतं. 'ऑइल डाउन' नावाचा त्यांचा पदार्थ. आईनं डोकावून पाहिलं तर आत नीरफणसाच्या फोडी, नारळाचं दूध, हळद आणि वर अळूची पानं! खारवलेलं मांस घातलेलं होतं म्हणून ती खाऊ शकली नाही, पण जिन्नस एकेक करून तिनं मोजले. नीरफणस तिकडे आणला इंग्रजांनी, १७९३ मध्ये, पॅसिफिकमधल्या बेटांवरून, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसायला. आपल्याकडे आपण त्याची कापं करतो.

दुपारी सेंट जॉर्जेसमध्ये रोटी खाल्ली. तिकडे रोटी म्हणजे भाजी गुंडाळलेली मोठी मऊ पोळी. तिच्यातल्या एका प्रकाराला ते डालपुरी म्हणतात. आत वाटलेली डाळ आणि जिरं भरलेलं. आई म्हणाली, "ही तर तिखटामिठाची पुरणपोळी." ती रोटी तिथे पोचली गिरमिटियांबरोबर. कलकत्त्याहून निघालेलं 'मेडस्टोन' नावाचं जहाज १ मे १८५७ ला ग्रेनाडाला लागलं. गुलामगिरी उठल्यावर मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून करारावर आपली माणसं नेली. ती बहुतेक भोजपुरी मुलखातली, मराठी नव्हेत. पण बाबा तारीख ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, "ही माणसं तिथे उतरली आणि नऊ दिवसांनी मेरठला उठाव झाला. त्यांना कळलं कधी असेल?"

हे सगळं एका दिवसात, खरं तर सात तासांत. क्रूझची खरी उणीव तीच आहे. पाच वाजता बोटीवर परत यावं लागतं, आणि उशीर झाला तर बोट थांबत नाही. बोटीची स्वतःची सहल उशिरा आली तर वाट पाहतात. स्वतःच्या जबाबदारीवर गेलात तर दीड-दोन तासांची सवड ठेवून परत फिरा. बोटीच्या घड्याळात आणि बेटाच्या घड्याळात कधी फरक असतो, तेव्हा रोज सकाळी विचारून घ्या.

आता तुमच्या कामाच्या गोष्टी. आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा अनेकदा प्रवेशाचा आहे ना ते बघा, कारण बेटांवरून परत येताना तो पुन्हा लागतो. बार्बाडोस आणि ग्रेनाडाला भारतीय पासपोर्टवर फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही, पण प्रत्येक बेटाचा नियम निराळा आहे. पूर्ण यादी देऊन क्रूझ कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ, तेव्हा भाडं स्वस्त असतं. आई-बाबांसाठी तो मोह टाळा. तो विश्वचषक जिंकलेला आपला संघच बेरिल वादळामुळे बार्बाडोसमध्ये अडकला होता.

केबिन बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे हेलकावे कमी जाणवतात. आम्ही बाल्कनीसाठी पैसे जास्त मोजले आणि ते मला पटले. बाबा पहाटे पाचला उठतात, तेव्हा त्यांना कपडे बदलून वर जावं न लागता समुद्र समोर होता. बोटीवर चढताना व्हीलचेअर मागून घ्या, लाजू नका. रांग दीड तासाची असते. औषधं आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा केबिनमध्ये संध्याकाळी पोचतात. विजेची किटली, कुकर नेऊ नका, काढून घेतात. बंद पाकिटातला चिवडा-लाडू चालतो, पण खाण्याचं काही घेऊन बेटावर उतरू नका. मोबाइल विमानाच्या मोडवर ठेवा, नाहीतर समुद्रावरच्या नेटवर्कचं बिल येतं. बोटीवरचा डॉक्टर महाग असतो. एका संध्याकाळी आईला चक्कर आली, दोन तास निरीक्षणाखाली ठेवलं आणि काही शे डॉलर भरावे लागले. विम्यात क्रूझ धरलेली होती म्हणून पैसे परत मिळाले. विमा घेताना हे एक वाक्य शोधूनच घ्या.

आईनं ग्रेनाडातून वाळलेली जायफळं आणली. सान हुआनला कस्टममध्ये ती आम्ही कागदावर लिहून दाखवली आणि त्यांनी जाऊ दिली. न सांगता आणू नका. तिथल्या विमानतळावरही शेतकी खात्याचे लोक बॅगा यंत्रातून तपासतात.

आणि तो मडगावचा मुलगा. बार्बाडोसच्या रात्री जेवताना बाबांनी त्याला विचारलं, "दिलीप सरदेसाई ठाऊक आहे का रे? तुझ्या गावचा." त्यानं नाव ऐकलं होतं, त्यापुढे काही नाही. त्याला फुटबॉलची आवड. बाबांनी त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो दोन ताटं हातात घेऊन ऐकत राहिला, मग कुणीतरी हाक मारली म्हणून पळाला. मला वाटलं, विषय तिथेच संपला. शेवटच्या सकाळी आम्ही बॅगा घेऊन रांगेत उभे होतो, तेव्हा तो गर्दीतून वाट काढत आला. "काका, ते आकडे मला लिहून द्या. पप्पांना पाठवतो."

बाबांनी खिशातून पेन काढलं. जेवणाच्या कार्डाच्या मागे सरदेसाईंची तीन शतकं लिहिली: किंग्स्टन २१२, पोर्ट ऑफ स्पेन ११२, ब्रिजटाउन १५०. खाली आडवी रेघ मारली, आणि रेघेखाली, सगळ्या मालिकेत एकूण, ६४२.